साखरेचा डबा समोर ठेवा आणि शब्दाचा माग काढायला शिका

रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द कुठून आला हे शोधायला भाषाशास्त्राची डिग्री लागत नाही, पण एक पद्धत मात्र लागते. ती नसली की मग "अमुक शब्द म्हणजे मुळात तमुक बरं का" असे जे मेसेज फिरत असतात त्यातलाच एक आपण खरा मानतो आणि पुढे पाठवतो. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट त्या मेसेजपेक्षा नेहमी जास्त छान निघते. म्हणून मी जसं करतो तसं सगळं इथे लिहून ठेवतोय. उदाहरणाला एकच शब्द घेतो, साखर. हा शब्द घ्यायचं कारण असं की ह्यात माग काढताना येणारी जवळपास प्रत्येक अडचण येते आणि प्रत्येक मजाही येते, आणि डबा घरात असतोच.

पहिलं काम, कोश अजिबात उघडायचा नाही. वही घ्या आणि तो शब्द आपण स्वतः कुठे कुठे वापरतो ते लिहून काढा. साखर म्हटल्यावर मी लिहिलं: साखरपुडा, साखरझोप, साखरभात, साखरफुटाणे, पाडव्याची साखरगाठी, साखरांबा (आणि त्याच्या शेजारी गुळांबा), राजकारणाच्या बातम्यांतली साखरपेरणी, तुझ्या तोंडात साखर पडो, साखर कारखाना, खडीसाखर. हे झालं की घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, ते दोनतीन तरी नवे देतात. मग दुसऱ्या पानावर असे शब्द लिहा जे ह्याचे नातेवाईक असतील अशी नुसती शंका येते, ती खरी की खोटी हे आत्ता ठरवायचं नाही. मी लिहिलं: शर्करा (लॅबच्या रिपोर्टमधली रक्तशर्करा), शुगर, सुक्रोज, सॅकरीन, शंकरपाळी, गुलकंद, मिश्री, साखळी. ह्यातले काही खरे भाऊबंद निघाले आणि काही अजिबात नाही, कोण कुठला ते पुढे येईलच.

वापर लिहून ठेवायचा फायदा असा की शब्दाचा जुना अर्थ पुष्कळदा जोडशब्दात किंवा एखाद्या ओळीत लपून बसलेला असतो. तुकोबांचं "मुंगी साखरेचा रवा" आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिथे रवा म्हणजे शिऱ्याचा रवा नव्हे, रवा म्हणजे कण, दाणा. म्हणजे सतराव्या शतकातल्या माणसाला साखर डोळ्यासमोर येते ती कणाच्या रूपात. हे वहीत टिपून ठेवा, कारण कण हाच ह्या सगळ्या गोष्टीचा गाभा निघणार आहे.

दुसरं काम शेजाऱ्यांचं. आजूबाजूच्या भाषांत त्या वस्तूला काय म्हणतात ते गोळा करायचं, आणि जमलं तर कोशातून नाही, बोलणाऱ्या माणसाकडून. आमच्या बिल्डिंगमधे कन्नड बोलणाऱ्या काकू आहेत त्यांना विचारलं तर म्हणाल्या सक्करे. गुजरातीत साकर, तेलुगूत चक्केर, तमिळमधे सर्क्करै, हिंदीत शक्कर आणि चीनी, बंगालीत चिनी, मल्याळममधे चक्कर किंवा शर्क्कर. आता इथे बहुतेक लोक एक चूक करतात, नुसते शब्द लिहितात आणि त्या शब्दाने तिथे नेमकी कुठली वस्तू दाखवतात हे विचारतच नाहीत. विचारलं की कळतं की गुजराती साकर म्हणजे आपली खडीसाखर, चहात घालायची ती त्यांची खांड. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी शक्कर म्हणजे गुळाची भुकटी, पांढरी ती चीनी. मल्याळममधे तर चक्कर आणि शर्क्कर दोन्ही म्हणजे गूळ, आणि पांढऱ्या साखरेला पंचसार म्हणतात. तमिळ लोकांचं सर्क्करै पोंगल पण गुळाचंच असतं. म्हणजे शब्द एकच, पण ऊस उकळून आटवल्यापासून ते पांढरे दाणे होईपर्यंतच्या वाटेवर तो वेगवेगळ्या ठिकाणी उतरलाय. शब्दासमोर वस्तू लिहायची सवय लावून घ्या, पुढचे निम्मे गोंधळ त्यानेच टळतात.

तिसरं काम जरा किचकट वाटतं पण मला सगळ्यात आवडतं तेच, आवाजाचा नियम तपासणं. शब्द एकसारखे दिसतात म्हणून ते नात्यातले असं कधीच धरायचं नाही, आवाज ज्या ठराविक पद्धतीने बदलत आलेत त्याच पद्धतीने हा शब्दही बदललाय का ते बघायचं. मराठीपुरते दोनतीन नियम हाताशी असले तरी खूप काम होतं. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात दुहेरी व्यंजन होतं आणि मराठीत ते एकेरी होऊन आधीचा स्वर लांब होतो. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. चक्र, चक्क, चाक. दुग्ध, दुद्ध, दूध. आता शर्करा ह्याच चाकोरीत घाला, शर्करा, सक्करा, मग साकर किंवा साखर. बसतंय. सुरुवातीचा श मराठीत आ च्या आधी बहुतेक वेळा स होतो, श्वशुराचा सासरा झाला, श्यामलचा सावळा झाला, तेही बसतंय. शेवटचा आ गळून पडतो पण स्त्रीलिंग तसंच राहतं, माला ती माळ, संध्या ती सांज, जिह्वा ती जीभ, तशीच शर्करा ती साखर. तीन नियम तीनही लागू पडले म्हणजे हा शब्द मराठीत बाहेरून आलेला नाही, तो आईकडून लेकीकडे यावा तसा तोंडातोंडी आलाय, असं आता जरा विश्वासाने म्हणता येतं.

एकच गोष्ट खटकते, क चा ख कसा काय झाला? असं काही खटकलं की ते झाकून ठेवायचं नाही, उलट त्यालाच धरून बसायचं. पालीत हा शब्द बघितला तर तिथे सक्खरा आहे, ख सकट! म्हणजे ख आपण मराठीत आल्यावर घातला असं नाही, तो बोलीभाषांत फार पूर्वीपासून फिरत होता. हा ख लक्षात ठेवा, तो पुढे भलत्याच ठिकाणी भेटणार आहे.

आणि हिंदीतली शक्कर? तिच्यात श तसाच आहे, जो प्राकृतातून आला असता तर स झाला असता. तो श फारसीच्या शकरचा परिणाम. म्हणजे हिंदीने हा शब्द घरातून सरळ न घेता इराणला एक फेरी मारून आलेला घेतला. एका अक्षरावरून एवढं कळतं.

आता कोश उघडा. मराठीसाठी माझा क्रम ठरलेला आहे, आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 सालची, मग दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, मग कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश, आणि शेवटी टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश. ह्यातले मोल्सवर्थ, दाते आणि टर्नर शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट शोधता येतात, देवनागरीत टाइप केलं तरी चालतं. मोल्सवर्थमधे शब्दानंतर कंसात एक अक्षर असतं, संस्कृत, फारसी, अरबी, हिंदी ह्यांपैकी कुठला ते सांगणारं. ते अक्षर म्हणजे पुरावा नाही, सुगावा आहे, असं समजून पुढे जायचं. टर्नरमधे गंमत वेगळी, तिथे मथळा संस्कृत शब्दाचा असतो आणि खाली पाली, प्राकृत, सिंधी, पंजाबी, बंगाली, मराठी अशी सगळी भावंडं ओळीने बसलेली असतात. एखाद्या शब्दाच्या आधी छोटा तारा दिसला तर तो शब्द कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही, भावंडांवरून अंदाजाने मांडलाय, असा अर्थ घ्यायचा. पुष्कळ लोक तो तारा गाळून शब्द पुढे देतात आणि मग अंदाजाचं सत्य होऊन बसतं, तेवढं करू नका. आणि मराठीच्या शब्दाला नुसता संस्कृत कोश पुरेल असंही धरू नका, द्राविडी भाषांचा बरो आणि एमेनो ह्या दोघांचा कोशही बघत चला, आपले कितीतरी शब्द तिकडचे आहेत.

संस्कृत कोशात मात्र एक पथ्य पाळायचं, पहिला अर्थ वाचून कोश मिटायचा नाही. शर्करा उघडली की आधी साखर येतच नाही! आधी येतात खडे, वाळू, बारीक दगड, कंकर. अथर्ववेदात शर्करा आहे ती ही दगडगोट्यांची. सुश्रुताकडे लघवीतल्या खड्यांना, म्हणजे मुतखड्याच्या बारीक चुऱ्याला शर्करा म्हटलंय. साखर हा अर्थ नंतरचा, उसाचा रस आटवून जे खडबडीत दाणे हाती आले ते वाळूसारखे दिसले म्हणून त्यांना वाळूचंच नाव मिळालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खडीसाखर हा शब्द आठवून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो होतो, कारण शर्करेचा दगड हा अर्थ आपण पूर्ण विसरलो आणि मग मोठे दाणे दिसल्यावर पुन्हा खडा तिच्या मागे आणून लावला. खडीसाखर म्हणजे अक्षरशः खड्यांचे खडे. (एक सावधगिरी: जुन्या वैद्यकाच्या पुस्तकात अश्मरीच्या शेजारी शर्करा दिसली तर ती रक्तशर्करेतली शर्करा समजू नका, तिथे मुतखड्याचा विषय चाललाय, डायबेटिसला तिथे मधुमेह किंवा प्रमेह म्हणतात.)

इथपर्यंत आलात की घरातला भाग संपला, आता शब्द बाहेर कुठे कुठे गेला ते बघायचं. ह्यासाठी शब्द आणि व्यापार दोन्ही एकत्र वाचावे लागतात, नुसता आवाज बघून चालत नाही. प्रश्न असा विचारायचा की ही वस्तू कोणी, कुठून, कुठल्या वाटेने नेली, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक गावात शब्दाचा एकेक ठसा सापडतो का.

साखरेच्या दोन वाटा आहेत. पहिली ग्रीकांची. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस इ.स.पू. 325 मधे सिंधूच्या मुखातून जहाजं घेऊन परत निघाला, त्याने हिंदुस्थानात मधमाशांशिवाय मध देणारे वेत आहेत असं सांगितल्याचं पुढच्या ग्रीक लेखकांनी नोंदवलंय. त्याच्याकडे वस्तूची बातमी आहे पण नाव नाही, हा फरक नीट बघा. नाव येतं इसवी सनाच्या पहिल्या शतकात, डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्याकडे. तो म्हणतो घट्ट झालेल्या मधाचा एक प्रकार आहे, मिठासारखा दिसतो, दाताखाली कडकन फुटतो, पोटाला बरा, आणि त्याला म्हणतात साखारॉन. बघा आला का तो ख! पाली सक्खरा, ग्रीक साखारॉन, मराठी साखर. ग्रीकांनी हा शब्द पंडितांच्या शर्करेवरून उचललेला दिसत नाही, बंदरावर जी बोली चालायची तिच्यातून उचलला असणार, आणि आपल्या स्वयंपाकघरात जी आहे ती त्याच बोलीची नात. मला ह्या सगळ्या शोधात सर्वात जास्त आनंद ह्या एका अक्षराने दिला.

ग्रीकातून तो लॅटिनमधे सॅकरम झाला आणि मुख्यतः पुस्तकात राहिला. म्हणून 1753 साली लिनियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने उसाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा सॅकरम ऑफिसिनारम दिलं, ऑफिसिनारम म्हणजे औषधाच्या दुकानातलं. आणि 1879 मधे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीच्या लॅबमधे फालबर्ग नावाच्या रसायनवाल्याला हात नीट न धुता जेवताना ब्रेड गोड लागला आणि डांबरापासून काढलेला तो गोड पदार्थ सापडला, त्याला नाव दिलं सॅकरीन, साखरेचा एक कणही नसलेल्या वस्तूला साखरेचं नाव. रशियन भाषेतली साखर मात्र ह्याच ग्रीक वाटेने बाजारात पोचली, ते आजही तिला साखर म्हणतात, जवळजवळ आपल्यासारखंच. रशियाला गेलेल्या मराठी माणसाला दुकानात हा एक शब्द शिकावाच लागत नाही.

दुसरी वाट इराणची, आणि जगातले बहुतेक शब्द ह्या वाटेचे. फारसीत शकर, तुर्कीत शेकेर, अरबीत सुक्कर. अरबांनी ऊस आणि साखर दोन्ही भूमध्य समुद्राच्या काठाने नेले, स्पेनपर्यंत आणि सिसिलीपर्यंत. स्पॅनिशमधे आसुकार, पोर्तुगीजमधेही तसंच, इटालियनमधे त्सुक्केरो, जर्मनमधे त्सुकर, फ्रेंचमधे स्यूक्र, इंग्रजीत शुगर, खाली आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत सुकारी. आता ह्यात स्पॅनिश आणि पोर्तुगीजच्या सुरुवातीला आ का आहे आणि इटालियनला का नाही? अरबीत नामाच्या आधी अल लागतं, स च्या आधी ते अस होतं, अस्सुक्कर. स्पेनमधे लोकांनी ते अल सकट उचललं, तांदळाचं आर्रोस झालं, कापसाचं आल्गोदोन झालं, तसंच हे. इटालियनमधे तो शब्द अल शिवाय उचलला गेला. म्हणजे एका आ वरून कळतं की शब्द कुठल्या दारातून आत आला. असा बारीकसा ठसा शोधत राहणं हेच माग काढण्याचं खरं काम.

शुगरच्या बाबतीत एक फसवा ठसा आहे तो सांगतो. शुगरमधे श आहे आणि शर्करेत श आहे म्हणून पुष्कळ लोक थेट रेघ ओढतात, पण मधे अरबी सुक्कर आणि फ्रेंच स्यूक्रमधे श नाहीच. इंग्रजीतला तो श इंग्रजांनी त्यांच्या तिथेच नंतर केला, जसा शुअर मधे केला, लिहितात स आणि म्हणतात श. त्यामुळे मधल्या प्रत्येक टप्प्यावर आवाज टिकलाय का ते बघितल्याशिवाय दोन टोकं जोडायची नाहीत, हा माझा सगळ्यात कडक नियम आहे.

आता वहीतलं ते दुसरं पान काढा आणि एकेक शंका निकालात काढा.

शंकरपाळी. ह्यात शंकराचा काही संबंध नाही, हा शब्द फारसी शकरपारा, शकर म्हणजे साखर आणि पारा म्हणजे तुकडा. हिंदीत शक्करपारे राहिले, आपल्याकडे शकर हा शब्द ओळखीचा नव्हता म्हणून लोकांच्या कानाने त्यात ओळखीचा शंकर बसवला. ह्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात आणि ती चूक म्हणून हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, भाषा परक्या शब्दाला घरात घेताना असंच त्याला घरचं नाव देते. दिवाळीच्या फराळात म्हणजे साखरेचा इराणी भाऊ बसलेला असतो.

गुलकंद. इथे फसायला होतंच. कंद म्हटलं की आपल्याला सुरण, रताळं आठवतं, पण गुलकंदात कुठला आलाय कंद, त्यात तर पाकळ्या असतात. हा कंद फारसी, आणि तो मुळात आपलाच खंड, म्हणजे तुकडा, साखरेचा खडा. खांड, खांडसरी ही त्याच घरातली. खंड फारसीत गेला तिथे कंद झाला, अरबीत कंद, त्यावरून कंदी, मग फ्रेंचमधे स्यूक्र कांदी आणि इंग्रजीत शुगर कँडी, त्यातली शुगर गळून नुसती कँडी राहिली. म्हणजे शुगर कँडी म्हणजे शब्दशः शर्करा-खंड, दोन्ही अर्धी इथलीच. गुल म्हणजे गुलाब, गुलकंद म्हणजे गुलाबसाखर. आणि आता गंमत, हिंदीत रताळ्याला शकरकंद म्हणतात, तिथला कंद मात्र खरोखरच जमिनीतला संस्कृत कंद. दिसायला तोच, असायला वेगळा. आणखी एक, जुन्या कंपनी सरकारच्या कागदात कँडी दिसली तर गोळी समजू नका, ती आपली वीस मणांची खंडी.

मिश्री. हिंदीत मिसरी म्हणजे खडीसाखर, मिस्र म्हणजे इजिप्त, त्या देशाचं नाव साखरेला चिकटलं. मराठीत मिश्री किंवा मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची दात घासायची पूड. उत्तरेतल्या पाहुण्यांशी बोलताना हे लक्षात असू द्या, आणि वहीत दोन वेगळ्या ओळींवर लिहा.

साखळी. ही शृंखलेतून आली, त्याच नियमांनी आली म्हणून तर साखरेसारखी दिसते. नियम तेच, शब्द वेगळा. म्हणून आवाजाबरोबर अर्थही जुळावा लागतो.

सुक्रोज हे फ्रेंच स्यूक्र वरून रसायनवाल्यांनी 1857 साली बनवलेलं नाव, त्याच साली मोल्सवर्थची ती आवृत्ती निघाली. ग्लुकोज मात्र ह्या घरातलं नाही, ते ग्रीकमधल्या गोड द्राक्षरसाच्या शब्दावरून.

वस्तू आणि शब्द कसे अदलाबदल होतात ह्याची दोन उदाहरणं दिल्याशिवाय राहवत नाही. मल्याळम चक्कर म्हणजे गूळ हे वर आलंच, पोर्तुगीजांनी केरळच्या किनाऱ्यावर ते ऐकलं, त्याचं जागरा केलं आणि त्यातून इंग्रजी जॅगरी आलं. म्हणजे गुळाचं इंग्रजी नाव आणि साखरेचं इंग्रजी नाव दोन्ही एकाच शर्करेची, फक्त एक कोचीनच्या बाजूने गेलं आणि एक बगदादच्या. उलट इंडोनेशियात गुला म्हणजे साखर, आणि ते आपल्या गुडावरून, म्हणजे गुळावरून गेलेलं. केरळात शर्करेचा गूळ झाला आणि तिकडे गुळाची साखर झाली!

चीनीचं पण तसंच. तांग घराण्याच्या ताइझोंग सम्राटाने इ.स. 647 च्या सुमाराला मगधात माणसं पाठवून साखर करायची रीत शिकून घेतली अशी चिनी इतिहासात नोंद आहे. पुढे कितीतरी शतकांनी पांढरी शुभ्र साखर इकडे चीनची म्हणून ओळखली जाऊ लागली आणि उत्तर हिंदुस्थानात तिचं नाव पडलं चीनी. कला इथून गेली आणि नाव तिथून आलं. आणि एक फार सुंदर फसवी जागा, चिनी भाषेत साखरेला शातांग म्हणतात, जपानीत सातो, दोन्ही लिहिताना पहिलं अक्षर येतं वाळूचं. वाळू-साखर. शर्करा म्हणजे पण वाळू, आणि शा आणि श सारखे दिसतात, म्हणून लगेच रेघ ओढायचा मोह होतो. पण चिनी शा हा त्यांचा वाळूसाठीचा स्वतःचा जुना शब्द आहे. शब्दाचं नातं नाही, कल्पना मात्र तीच सुचली, दाणे बघितले आणि दोन्हीकडच्या माणसांना वाळू आठवली. असं सापडलं की वहीत "कल्पना सारखी, शब्द वेगळा" असं स्वच्छ लिहून ठेवा.

लिहिण्याबद्दल थोडंसं. मी प्रत्येक जोडणीसमोर एक खूण करतो, आवाजाचा नियम, अर्थ आणि वाट तीनही जुळले तर पक्क्या पेनाने, दोन जुळले तर पेन्सिलने, एकच जुळलं तर प्रश्नचिन्ह. आणि "हा शब्द अमुक साली जन्मला" असं कधी लिहीत नाही, "अमुक ठिकाणी सगळ्यात आधी सापडतो" असं लिहितो, कारण लिहिला जायच्या आधी शब्द कितीतरी वर्षं बोलला जात असतो. दोन कोशांत वेगवेगळं सापडलं तर दोन्ही लिहून ठेवा, आपल्याला आवडलं ते एकटं नको.

सगळं झाल्यावर माझ्या वहीत मराठीच्या नावाने जे उरलं ते असं. साखर तोंडातोंडी घरातूनच आली, शर्करा संस्कृत पुस्तकातून तशीच उचलली, शंकरपाळी इराणमार्गे आली, शुगर अरबस्तान, फ्रान्स आणि इंग्लंड फिरून आली, सुक्रोज तिच्याच पाठोपाठ आलं, सॅकरीन ग्रीस, रोम आणि अमेरिका करून आलं. एकच शब्द सहा वेळा आपल्या घरात आला आणि प्रत्येक वेळी आपण त्याला वेगळं काम दिलं. चहात साखर घालतो, रिपोर्टमधे शर्करा बघतो आणि आजीला शुगर आहे असं म्हणतो, कोणीही गोंधळत नाही.

आता तुम्ही करून बघा. त्याच शेतातला शब्द देतो, ऊस. संस्कृतात इक्षु, हिंदीत ईख किंवा ऊख. हिंदीत ख आणि मराठीत स असं का ते शोधायचं, मदतीला ह्या जोड्या घ्या: मक्षिकेची मराठीत माशी, हिंदीत मक्खी. क्षेत्राचं शेत आणि खेत. कुक्षीची कूस आणि कोख. मग गुजरातीत उसाला शेरडी म्हणतात, ती ह्या चाकोरीत बसते की नाही ते बघा, बसली नाही तर तिला वेगळ्या पानावर घ्या आणि पुन्हा पहिल्या कामापासून सुरू करा.